ट्रंकेतलं गाव

आज घरातली जुनी ट्रंक उघडूया. दागिन्यांसाठी नाही, कागदांसाठी.

पण आधी एक नवा कागद बघा. दापोडीत फ्लॅट घेतला असेल, तर करारनाम्यातलं मिळकतीचं वर्णन काढा. मौजे दापोडी, तालुका हवेली, सर्व्हे नंबर अमुक. खाली चतुःसीमा: पूर्वेस हा, पश्चिमेस तो. आपण राहतो तिसऱ्या मजल्यावर, पण कागदात अजून शेतच आहे.

हा सर्व्हे नंबर आला कुठून? पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून जमिनी मोजून घेतल्या. त्यावर बसवलेला सारा इतका जड झाला की शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. मग 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नव्याने सुरुवात केली. साखळी 33 फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. शेताला नंबर दिला, हद्दीवर दगड रोवले, सारा 30 वर्षांसाठी ठरवून टाकला. आज आपण ‘गुंठा’ म्हणतो तो त्याच साखळीचा.

आपल्या दापोडीचा उल्लेख इंग्रजी कागदांत ‘दापुरी’ असा येतो. पेशव्यांच्या पलटणीवरचा इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्ड इथे राहायचा. 1817 च्या खडकीच्या लढाईत त्याची पलटण इंग्रजांना जाऊन मिळाली. पुढे गव्हर्नर माल्कम यांच्या काळात, 1828 मध्ये, इथे सरकारी वनस्पती बाग झाली. डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी ती वाढवली आणि एका चित्रकाराकडून तिथल्या झाडाफुलांची चित्रं काढून घेतली. 1865 च्या सुमारास गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीला हलला, तेव्हा ही बागही गेली. चित्रं मात्र एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत, म्हणून ती बाग आपल्याला ठाऊक आहे. गिब्सनसाहेबांचं नाव राहिलं. चित्रं काढणाऱ्याचं कुणी लिहून ठेवलं नाही.

साध्या शेतकऱ्याच्या शेताची चित्रं कुणी काढणार नव्हतं. त्याच्यासाठी होता सातबारा. त्यातला सात नंबरचा नमुना सांगतो जमीन कुणाची, आणि बारा नंबरचा सांगतो तिच्यात काय पिकलं, पाणी कशाचं होतं, पड किती राहिली. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, 1970 मध्ये नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका. शेतं गेली. जिथे सिटी सर्व्हे झाला तिथे सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका आली, आणि तिच्यात पिकाचा रकानाच नाही. कुठल्या इमारतीखाली ज्वारी होती, कुठे विहीर होती, हे आता जुन्या उताऱ्यालाच विचारावं लागतं.

आता आपल्या बायकांचं. आपल्या आज्या-पणज्या या कागदांत कुठे सापडतात? फेरफारात. घरातला कर्ता पुरुष गेला की वारसनोंद व्हायची आणि तिथे विधवेचं नाव यायचं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींचीही नावं दिसू लागतात. पण पुष्कळ घरांत एक-दोन फेरफार पुढे गेलं की ती कमी झालेली असतात. कारण मधे एक हक्कसोडपत्र असतं. “अगं, नुसती सही कर, माहेर तुटायला नको.” हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय! 1994 मध्ये महाराष्ट्राने तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना, आणि 2005 मध्ये केंद्राने सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. तो मागायचा तर जमीन आजोबा-पणजोबांकडून कशी आली, हे दाखवावं लागतं. दाखवणार कशाने? याच कागदांनी.

मृत्युपत्राचं तर फार जपा. त्याची नोंदणी सक्तीची नाही. नोंदलेलं असेल तर करणारा गेल्यावर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची नक्कल मागता येते. नोंदलेलं नसेल, तर ट्रंकेतली प्रत हाच एकमेव पुरावा. जुनं घर पाडताना तीच ट्रंक रद्दीत जाते.

मग करायचं काय? पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. आपणही धुतलेलं सुती कापड घ्यावं. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट धरतं. लॅमिनेशन नको, ते पुन्हा निघत नाही. चिकटपट्टी नको, तिचे डाग पडतात. गठ्ठा जमिनीवर ठेवू नका. नदीकाठच्या घरांना हे सांगायला नको. मोबाइलवर फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून टाकू नका, वाचणारी माणसं पुण्यात आहेत. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवून, कागदातलं कोण कुणाचं कोण, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घ्या. ती चिठ्ठी कुठल्याच सरकारी कचेरीत मिळणार नाही.

जुन्या खरेदीखताच्या तळाशी निळसर-काळा ठसा दिसेल. शेजारी लिहिलेलं असतं: निशाणी डाव्या हाताचा अंगठा. तो तुमच्या पणजीचा असू शकतो. तिचा फोटो नाही, तिच्या हातची अक्षरं नाहीत. तिच्या हाताचं एवढंच उरलंय. ते रद्दीत घालू नका.