माळावर आखलेली रेघ

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की नान्नज लागते. गावाच्या शिवारातली बरीच जमीन मुरमाड आणि उथळ आहे. पावसाळा संपता संपता तिच्यावर पवन्या, मारवेल आणि कुसळी गवत गुडघाभर उभे राहते. मधेमधे तरवड, हेकळ आणि बोरीची झुडपे दिसतात. मार्गशीर्षात गवत पिवळे पडते आणि उन्हाळ्यात माळ उघडा होतो. परक्याला ही ओसाड जागा वाटते. सरकारी दप्तरालाही दीर्घकाळ तसेच वाटत आले.

या समजुतीचे मूळ महसूल पद्धतीत आहे. मुंबई इलाख्यातल्या रयतवारी मोजणीची नवी पद्धत १८३६ मध्ये सोलापूरला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात सुरू झाली आणि पुढे दख्खनभर पसरली. मातीची खोली आणि पोत पाहून जमिनीची प्रत ठरायची, प्रतीवरून साऱ्याचा आकार ठरायचा. जी जमीन पीक देत नाही ती पोटखराबा किंवा पडीक. गुरांसाठी राखलेली गायराने वेगळी दाखवली जात, पण तीही गावाची सोय म्हणून. माळ हा स्वतःच एक जिवंत प्रदेश आहे आणि त्यावर अवलंबून असलेले प्राणी दुसरीकडे राहू शकत नाहीत, ही कल्पना त्या दप्तरात कुठे बसत नव्हती. स्वातंत्र्यानंतर शब्द बदलले, दृष्टी तीच राहिली: पडीक जमीन म्हणजे झाडे लावायला, कारखाना काढायला किंवा वसाहत उठवायला मोकळी जागा.

हा समज पहिल्यांदा हलला तो १९७२ च्या दुष्काळात. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांना त्या वर्षी नान्नजच्या माळावर माळढोक आढळले. मीटरभर उंचीचा हा पक्षी. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते आणि उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उभारून माळाच्या उंचवट्यावर उभा राहतो आणि त्याचा घुमणारा आवाज दूरवर ऐकू जातो. मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर ती सहसा एकच अंडे घालते आणि पुढचा महिनाभर एकटी उबवते. एखादा कुत्रा, एखादा मेंढ्यांचा कळप किंवा एखादा ट्रॅक्टर तिथून गेला, तर त्या वर्षीची वीण संपली. नाकतोडे, टोळ, सरडे, बोरे आणि शेतातली ज्वारी-भुईमूग हा त्याचा आहार. मोकळे गवत आणि आसपास कोरडवाहू शेती, असे जोडशिवार त्याला लागते. सोलापूरच्या रब्बी ज्वारीच्या मुलखात ते पिढ्यान्‌पिढ्या आयते तयार होते.

दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली वनविभागाने माळावर चर खणले, काही तुकड्यांना कुंपण घातले आणि चराई थांबवली. दोन-चार पावसाळ्यांत तिथे दाट गवत आले. हेतू जमिनीची धूप थांबवण्याचा होता. लाभ माळढोकाच्या पदरात पडला. नंतर कायद्याने जे मोठाले नकाशे काढले, त्यांच्यापेक्षा या बिननावाच्या तुकड्यांनी पक्षी अधिक जगवले, असे म्हणायला जागा आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली आला आणि माळढोकाला त्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. त्याआधी पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी माळढोकाला राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळावा म्हणून आग्रह धरला होता. १९६३ मध्ये तो मान मोराला गेला. १९७९ मध्ये राज्य सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा असे तालुकेच्या तालुके त्यात आले. आकड्याचा अंदाज यावा म्हणून: सबंध सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्र १५ हजार चौरस किलोमीटरच्या आत आहे. त्याच कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० मध्ये झाले, ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे.

एवढी मोठी रेघ ओढण्यामागे तर्क होता. माळढोक एका जागी थांबत नाही आणि त्याच्या वावराच्या सगळ्या जागा तेव्हा ठाऊक नव्हत्या. पण रेघेच्या आत बहुतांश खाजगी शेतजमीन होती, गावे होती, बाजारपेठा आणि रस्ते होते. अभयारण्यात जमिनीवर नवे हक्क निर्माण होण्यास आडकाठी येते, खाण आणि उद्योग बंद होतात. जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवाना, रस्त्याचे काम, कशालाही अभयारण्याचे नाव आडवे येऊ लागले. ज्यांनी आयुष्यात माळढोक पाहिला नव्हता, अशा खातेदारांच्या मनात पक्ष्याचे नाव अडचण म्हणूनच रुजले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे असद रहमानी आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात नान्नजला अभ्यास करत होते. तो पक्षी कुठे चरतो आणि कुठे अंडी घालतो याची नेमकी माहिती त्यातून मिळत गेली, तरी नकाशा मात्र तसाच राहिला.

तो बदलणेही सोपे नव्हते. अभयारण्याचे क्षेत्र न्यायालयाच्या परवानगीशिवाय कमी करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००० मध्ये दिला होता. समित्या बसल्या, पाहण्या झाल्या आणि अखेर न्यायालयाच्या संमतीने अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. सातातले सहा भाग सुटले.

उरलेल्या क्षेत्राभोवती फेब्रुवारी २०२० मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ खाली परिसंवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. त्याचा विस्तार हद्दीपासून जास्तीत जास्त ४०० मीटर. अशा पट्ट्यात दगडखाणी, खडी केंद्रे आणि प्रदूषण करणारे नवे उद्योग यांना बंदी असते. हॉटेल, बांधकाम, वीजवाहिन्या यांवर नियंत्रण असते. स्थानिकांची शेती चालू राहते. राज्याने पट्ट्याचा क्षेत्रीय बृहत् आराखडा करायचा असतो. बाकी शिवाराला जुनीच दोन कुंपणे आहेत: जमीन महसूल संहिता १९६६ मधला बिगरशेती परवान्याचा नियम आणि त्याच वर्षीच्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालचे आराखडे. गायरानांच्या बाबतीत जानेवारी २०११ मधला सर्वोच्च न्यायालयाचा जगपालसिंह निकाल महत्त्वाचा. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढण्याची योजना करावी, असे त्याने सगळ्या राज्यांना सांगितले.

या सर्व नियमांत एक दार उघडे राहते, ते शेतीचे. इंग्लंडच्या १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानेही शेतीला 'विकास' या व्याख्येबाहेर ठेवले. शेत हे निसर्गाचे रक्षकच, असे गृहीत होते. सोलापुरात ते गृहीत टिकले नाही. १९८० च्या सुमारास उजनी धरण पुरे झाले आणि कालव्याखाली ऊस पसरला. नान्नजचे नाव द्राक्षशेतीत देशभर गेले: नानासाहेब काळे यांनी थॉम्सन सीडलेसमधून निवडलेले 'सोनाका' वाण याच गावचे. माळाच्या कडेची ज्वारी जाऊन तारांचे मांडव, विंधनविहिरी आणि ठिबकच्या नळ्या आल्या. त्यासाठी कोणत्याही कायद्याची परवानगी लागली नाही, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला तू गरीबच राहा, असे सांगण्याचा अधिकारही कुणाला नव्हता. खाण आणि कारखाना अडवणारी रेघ द्राक्षबागेला अडवत नाही. माळढोकाला मात्र दोन्ही सारखेच परके.

जिथे जमीन वनविभागाची आहे, तिथे रेघ आजही काम करते. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या नियोजित विमानतळासाठी शेकडो हेक्टर जमीन संपादित झाली, पण आखणीत माळढोकासाठी राखलेली सुमारे ३३ हेक्टर वनजमीन आली आणि तिथेच प्रकल्प वर्षानुवर्षे रखडला. सोलापूरची विमाने होटगी रस्त्याच्या जुन्याच धावपट्टीवरून उडतात.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०११ पासून माळढोकाला अतिसंकटग्रस्त मानले आहे. देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. नान्नजच्या राखलेल्या गवतात काळवीट आहेत, लांडगे आहेत, चंडोल आणि धाविक आहेत. ज्याच्या नावाने ही सगळी जमीन राखली गेली, तो पक्षी मात्र तिथे अलीकडच्या नोंदींत एखाद-दुसराच सापडतो.