काळ्या चिकणमातीवरील कृत्रिम हिरवळ : उत्तर टेक्सासमधील घरमालकांसाठी

डॅलस, प्लेनो, फ्रिस्को या परिसरात घर घेणाऱ्या मराठी माणसाला परसातील माती ओळखीची वाटते. रेड नदीच्या परिसरापासून डॅलस, वेको, ऑस्टिनमार्गे सॅन अँटोनियोपर्यंत पसरलेला ‘ब्लॅकलँड प्रेअरी’ हा पट्टा आणि दख्खनच्या पठारावरील रेगूर यांचा स्वभाव एकच आहे. मृदाशास्त्र या दोन्ही मातींना ‘व्हर्टिसोल’ या एकाच गटात बसवते. पाणी लागले की ही माती फुगते, ऊन लागले की आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कृत्रिम हिरवळ अंथरण्याआधी हा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे.

निचऱ्याचे कोडे

कृत्रिम हिरवळीच्या गालिचाला तळाशी छिद्रे असतात, त्यामुळे पाणी खाली झिरपून जाईल अशी अनेकांची समजूत असते. गालिचातून पाणी जाते हे खरे, परंतु ओली चिकणमाती ते शोषून घेत नाही. सपाट खड्डा खणून त्यात खडी भरली तर जमिनीत जणू न्हाणीचा टबच तयार होतो. पाणी साचते, दुर्गंधी सुटते आणि पृष्ठभाग उंचसखल होतो. म्हणून येथे पाणी खाली मुरवण्यापेक्षा बाजूला वाहून नेण्यावर भर द्यावा.

आधी एक सोपी चाचणी करावी. सुमारे १२ इंच खोल खड्डा पाण्याने भरून रिकामा होऊ द्यावा, मग पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला एक इंचाहून कमी उतरले, तर निचरा वाईट आहे असे समजावे.

कामाचा क्रम

१. खणण्यापूर्वी किमान दोन कामाचे दिवस आधी ८११ या क्रमांकावर कळवावे. वायू, वीज व दूरसंचाराच्या भूमिगत वाहिन्यांवर विनाशुल्क खुणा केल्या जातात. तुषार सिंचनाच्या आपल्या खासगी नळ्या मात्र स्वतः शोधाव्या लागतात. वसाहतीत एचओए असल्यास तिची लेखी परवानगी घ्यावी.

२. माती वाफशावर असताना ५ ते ६ इंच खणावे. चिखलात खणलेला तळ पुढे दबत राहतो. ५०० चौरस फूट अंगणात ६ इंच खणल्यास सुमारे ९ घनयार्ड माती निघते. सुटी झाल्यावर ती आणखी जागा व्यापते, म्हणून तिच्या विल्हेवाटीचा खर्च आधीच धरावा.

३. खणलेल्या तळालाच घरापासून दूर जाणारा ढाळ द्यावा. दर ८ फुटांना किमान १ इंच, शक्य असल्यास २ इंच. ढाळ केवळ वरच्या खडीला दिल्यास पाणी तळाशी अडते.

४. सखल कडेला चर खणून छिद्रांची नळी खडीत बसवावी आणि तिचे तोंड मोकळ्या जागी काढावे. शेजाऱ्याच्या कुंपणाकडे पाणी सोडू नये.

५. तळावर न विणलेले भू-वस्त्र अंथरावे. ते नसेल तर खडी हळूहळू चिकणमातीत रुतते. त्यावर फोडलेल्या खडीचा ४ ते ५ इंचांचा थर द्यावा आणि दर दोन-तीन इंचांना यंत्राने दबाई करावी.

६. गालिचा बहुधा १५ फूट रुंदीच्या गुंडाळीत येतो. सर्व तुकड्यांतील तंतूंचा कल एकाच दिशेला ठेवावा, सांधे पट्टी व गोंदाने जोडावेत, कडा पक्क्या कराव्यात. शेवटी सिलिका वाळू भरून तंतू उभे करावेत.

घराच्या पायाची काळजी

या भागातील बहुतेक घरे जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर उभी आहेत. जिवंत हिरवळीला दिलेले पाणी नकळत पायाशेजारची मातीही ओलसर ठेवते. हिरवळ काढून सिंचन बंद केले की हीच माती उन्हाळ्यात आकसते आणि पाया असमान खचू शकतो. म्हणून घरालगतची पट्टी मोकळी ठेवून तेथे झिरपनळी कायम ठेवावी. उद्देश ओल समान राखण्याचा आहे, पाणी साचवण्याचा नव्हे. विटांच्या भिंतीच्या तळाशी असलेली छिद्रे खडीने वा गालिचाने बुजणार नाहीत, हेही पाहावे. जुन्या ओकवृक्षाच्या मुळांवर खणणे टाळावे.

निर्णयापूर्वी

ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये १९६६ साली प्रसिद्धीस आलेले हे उत्पादन आज बरेच मऊ व नैसर्गिक दिसते. पण ते प्लॅस्टिकच आहे. टेक्सासच्या उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापू शकतो. अनवाणी मुले व पाळीव प्राणी यांना त्याचा चटका बसतो. ऊर्जाबचतीच्या काचांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने तंतू वितळल्याचीही उदाहरणे आहेत. आयुष्य साधारण १० ते २० वर्षे. त्यानंतर पुनर्वापर अवघड. सूक्ष्म प्लॅस्टिक आणि ‘पीएफएएस’ रसायनांविषयीच्या आक्षेपांमुळे कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून स्थानिक संस्थांना यावर बंदी घालण्याची मुभा दिली.

पाण्याची आणि कापणीची बचत हवी असेल, तर सर्व अंगण झाकण्याऐवजी मुलांच्या खेळापुरता सावलीतला भाग निवडावा आणि उरलेल्या जागेत बफेलो गवतासारखे स्थानिक, कमी पाण्याचे गवत लावावे. कंत्राटदाराकडून दरपत्रक घेताना तळाचा ढाळ, खडीची जाडी आणि पाण्याचा शेवटचा मार्ग या तीन बाबी लेखी मागाव्यात. गालिचा कितीही उत्तम असला, तरी त्याचे आयुष्य या तीन गोष्टींवरच अवलंबून असते.