कौरवसभेंतील विकर्ण

सभापर्वांतील द्यूतप्रसंग वाचतांना वाचकांचें लक्ष द्रौपदी, दुःशासन आणि खालीं मान घालून बसलेले कुरुवृद्ध यांच्यावरच खिळून राहतें. त्याच सभेंत बोलावयास पुढें आलेला धृतराष्ट्राचा एक धाकटा पुत्र मात्र स्मरणांतून निसटतो. विकर्णाचें नांव निघालेंच तर ‘कौरवांतला एक सज्जन’ एवढ्या प्रशस्तीवर त्याची बोळवण होते. हा त्याच्यावर अन्याय आहे असें आम्हांस वाटतें. विकर्ण नुसता कळवळला नाहीं. त्यानें निर्णय दिला, आणि त्या निर्णयास व्यवहारशास्त्राचा आधार होता.

द्रौपदीचा प्रश्न साधा होता: धर्मराज आधीं स्वतःस हरला कीं मला? भीष्म म्हणाले, ज्याचें स्वतःवरही स्वामित्व उरलें नाहीं त्याला दुसऱ्याचें धन पणाला लावतां येत नाहीं. पण स्त्री पतीच्या अधीन असते. धर्म सूक्ष्म आहे, निर्णय होत नाहीं. विकर्णानें राजांना पुनः पुनः बोलावयास विनविलें. भीष्म, धृतराष्ट्र, विदुर, द्रोण, कृप यांचीं नांवें घेऊन, यांनीं कांहींच सांगितलें नाहीं, असें त्यानें भर सभेंत म्हटलें. (भीष्म तर नुकतेच बोलले होते! उत्तर टाळणारें उत्तर या मुलानें जमेस धरलें नाहीं.) कोणी बरें म्हणेना, वाईट म्हणेना. तेव्हां हातावर हात चोळीत, सुस्कारे टाकीत तो स्वतःच बोलूं लागला.

मृगया, मद्यपान, द्यूत आणि विषयासक्ति हीं राजांचीं चार व्यसनें. त्यांत बुडालेल्या माणसाचें कृत्य लोक केलेलें मानीत नाहींत, हें त्याचें पहिलें कारण. द्रौपदी पांचांची, पणाला लावणारा एक; लावणारा आधींच स्वतःस हरलेला; आणि तिचें नांव सुचविलें तें शकुनीनें. म्हणून ती जिंकली गेली असें मी मानीत नाहीं.

यांतलें पहिलें कारण सर्वांत खोल जातें. हींच चार व्यसनें मनुस्मृतींत आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कामज व्यसनें म्हणून गणलीं आहेत. मद्यानें वा वेडानें ग्रासलेल्यानें केलेला व्यवहार सिद्ध होत नाहीं, हें मनूचें वचन. याज्ञवल्क्यानें त्या यादींत ‘व्यसनी’ हा शब्दही घातला आहे. टीकाकारांनीं त्याचा अर्थ दुःखग्रस्त असा केला आहे खरा. तरी ज्याचें चित्त ताब्यांत नाहीं त्याचा व्यवहार रद्द, हें तत्त्व तेंच. मग द्रौपदीच काय, इंद्रप्रस्थाचें राज्यही हरलें गेलें नाहीं! विकर्ण इतक्या दूर गेला नाहीं. पत्नी ही पणाला लावण्याची वस्तूच नव्हे, असेंही तो म्हणाला नाहीं. ती पांचांची हा त्याचा मुद्दा तिच्यावरील स्वामित्व गृहीतच धरतो. हें झांकून त्याला आजचा सुधारक ठरविणें आम्हांस रुचत नाहीं.

सभेंत मोठा गलबला झाला. राजांनीं विकर्णाची वाहवा केली, शकुनीची निंदा केली, आणि कोणी जागचा हलला नाहीं. कर्णानें उत्तर दिलें तें प्रथम त्याच्या वयास: पोर असून वृद्धांसारखें बोलतोस! सर्वस्व पणाला लागलें त्यांत द्रौपदी आलीच, हा त्याचा प्रतिवाद. आणि लागलीच वस्त्रें ओढण्याची आज्ञा. पुढें विदुरानें सभेला बोलण्यास बजाविलें तेव्हां, विकर्णानें आपल्या बुद्धीप्रमाणें उत्तर दिलें, तुम्हीही द्या, असेंच म्हटलें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें एजर्टन यांच्याकडून संपादून घेतलेल्या सभापर्वांत द्रौपदीनें केलेला कृष्णाचा धांवा मूळ पाठांतून वगळला आहे. विकर्णाचें भाषण मात्र तेथें कायम आहे.

एवढें बोलूनही तो भावाला सोडून गेला नाहीं. विराटाच्या गोग्रहणांत तो कौरवांकडून अर्जुनाशीं लढला. गीतेच्या पहिल्या अध्यायांत दुर्योधन आपले वीर मोजतो, त्यांत सख्ख्या भावांपैकीं एकट्या विकर्णाचें नांव आहे. युद्धारंभीं धर्मराजानें हांक दिली तेव्हां दासीपुत्र युयुत्सु पांडवांकडे गेला. तो वांचला, आणि पांडव महाप्रस्थानास निघाले तेव्हां राज्याची देखरेख त्याच्याकडेच आली. विकर्ण चौदाव्या दिवशीं भीमाच्या हातून पडला. त्या दिवशीं भीमानें त्याचे इतरही भाऊ मारले. पण द्रोणपर्वाच्या प्रचलित पाठांत तो शोक करतो तो विकर्णासाठीं. तूं सदा आमचें हित पाहिलेंस, सर्वांना मारण्याच्या माझ्या प्रतिज्ञेपायीं मारला गेलास, असें तो त्या प्रेताला उद्देशून म्हणतो, आणि पुन्हा कर्णाकडे रथ वळवितो.