चौथ्यांदा ऐकताना

१९६४ सालचा एक बुधवार. पाऊस नुकताच सरलाय. रात्रीचे आठ वाजत आलेत आणि तुम्ही गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभे आहात. तुमच्या घरी रेडिओ नाही. सगळ्या मजल्यावर मिळून तो दोन बिऱ्हाडांकडे आहे, आणि त्यातला एक जिन्याशेजारच्या खोलीत, भिंतीतल्या फळीवर, काकूंनी भरलेल्या रुमालाखाली. काकांनी बटण फिरवलंय, पण आवाज यायला अवकाश आहे; आतले व्हॉल्व्ह तापायचेत. मग खरखर, एक लांब शिट्टी, कुठल्याशा परक्या भाषेतलं बोलणं, आणि काटा केसभर सरकला की अमीन सायानी. रेडिओ सिलोन. बिनाका गीतमाला.

उंबऱ्यावर बायका बसल्यात, दारात पोरांची दाटी झालीय. शॉर्टवेव्हवरचा आवाज मधेच लांब जातो, पुन्हा जवळ येतो, आणि तो लांब गेला की सगळी गॅलरी श्वास रोखून पुढे वाकते. तुम्हाला आज फक्त 'संगम' ऐकायचाय. त्यातलं राधेचं गाणं तुम्ही पहिल्यांदा ऐकलं त्याच संध्याकाळी नळावर पाणी भरताना म्हणत होतात. शंकर-जयकिशन यांची ही ताकदच आहे: गाणं कानावर पडतं आणि तोंडात बसतं. वर्षअखेर ते गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिलं येणार आहे. तुम्हाला ते अजून माहीत नाही, पण त्यावर पैज मारायला तुम्ही आत्ताच तयार आहात.

बुधवार संपतो. गुरुवारी रात्री त्याच फळीवरून विविध भारती लागतं. ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीनं ही सेवा सुरू केली, कारण बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटत गेली आणि अख्खा देश सिलोनकडे कान लावून बसला. आता इथेही दिवसभर गाणी आहेत, जाहिराती अजून नाहीत. तुम्ही गॅलरीतल्या दिव्याखाली पुस्तक उघडून बसलात. निवेदिका सांगते: चित्रपट 'जहाँआरा', गीतकार राजेंद्र कृष्ण, संगीतकार मदन मोहन, गायक तलत महमूद. गाणं 'फिर वही शाम'.

तुम्हाला ते रडकं वाटतं. आवाज थरथरतोय, आणि तोही जुना. तलतचा जमाना दहा वर्षांपूर्वीचा, असं कॉलेजातले सगळेच म्हणतात. गाण्यात धरून ठेवावं असं काही हाताला लागत नाही. ठेका पाय हलवायला लावत नाही, ओळ डोक्यात राहत नाही. तुम्ही पुस्तक मिटता आणि कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जाता. तिथे 'संगम' हमखास लागतो.

दुसऱ्यांदा ते येतं तेव्हा तुम्ही ते ऐकतसुद्धा नाही. घरात कुकरची शिट्टी, बाहेर भांडण, आणि मधून तुटक तुटक तलत. पण कान तुम्हाला न विचारता काम करत असतो. तिसऱ्यांदा 'जयमाला'मध्ये, कुणा फौजी भावाच्या फर्माइशीवर. या वेळी मुखडा संपतो तिथे तुमचं लक्ष जातं. सूर जिथे उतरेल असं वाटलं होतं, तिथे तो उतरत नाही; जरा थांबतो, शेजारी टेकतो आणि मग घरी येतो. पहिल्या वेळी हेच तुम्हाला ढिसाळ वाटलं होतं.

चौथ्यांदा तुम्ही वाट पाहताय. पेन हातातच राहिलंय, वहीवर शाईचा ठिपका पसरतोय, आणि तो सूर येण्याच्या क्षणभर आधी तुमचा कान तिथे जाऊन उभा राहिलाय. तो येतो. छातीत काहीतरी हलतं. तलतच्या गळ्यातला कंप म्हणजे आवाजाची कमजोरी नव्हे, हे तुम्हाला आत्ता कळतं. माणूस एकटा असताना जितक्या मोठ्यानं बोलेल, त्याहून वर तो आवाज जातच नाही. लांबून, दुसऱ्याच्या घरातून, गलक्यातून ऐकताना हे कसं कळावं?

"त्या दिवशी रडकं म्हणून उठून गेलं कोण?" काकू आतून विचारतात. "बस इथे. आत येऊन ऐक."

तुम्ही पहिल्यांदा उंबरा ओलांडून रेडिओशेजारी बसता.

'जहाँआरा' तोवर थिएटरांतून उतरलाय. भारतभूषण, माला सिन्हा, शाहजहानच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर, आणि तरी चित्रपट पडला. तलतचा भाव उतरला होता, तरी त्यालाच घ्यायचं म्हणून मदन मोहन अडून बसले होते, असं सांगतात. चित्रपट पडल्यावर त्या हट्टाचं काय उरायला हवं होतं? काही नाही. पण गाण्यांना रेडिओवर दुसरा जन्म मिळाला. याच चित्रपटात 'बाद मुद्दत के' हे रफी आणि सुमन कल्याणपूर यांचं द्वंद्वगीत आहे, लताबाईंचं 'वो चुप रहें तो' आहे, रफींचं 'किसी की याद में' आहे. त्यांतलं एकही पहिल्या ऐकण्यात पुरतं उघडत नाही. तिकीट काढून चित्रपट पाहणाऱ्यानं ती एकदा ऐकली असणार आणि बाहेर येताना विसरला असणार. गॅलरीत उभं राहणाऱ्याला ती पुन्हा पुन्हा ऐकणं भाग होतं, कारण बटण त्याच्या हातात नव्हतं.

यामागे मानसशास्त्रही आहे. अजून चार वर्षांनी, १९६८ मध्ये, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले रॉबर्ट झायन्स दाखवून देतील की निरर्थक शब्द आणि अनोळखी चिनी अक्षरंसुद्धा माणसांपुढे वारंवार आणली की त्यांना ती अधिक बरी वाटू लागतात. ओळखीनं माया वाढते, हे आपल्या आज्यांना माहीतच होतं. पण सगळं श्रेय मी त्या ओळखीला देणार नाही. सुमार गाणं पन्नासदा ऐकलं तर ते सवयीचं होतं, एवढंच. पन्नासाव्या वेळी त्यात नवं काही सापडत नाही. मुरणारं गाणं दर वेळी थोडं अधिक देतं. चौथ्यांदा तुम्हाला तो सूर सापडला, दहाव्यांदा मागची वाद्यं सापडतील, आणि चाळिशीनंतर कधीतरी शब्द.

आता १९७८. तुम्ही पुण्यात, होस्टेलवर. डॉ. जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' वर्षभरापूर्वी आलाय: गो. नी. दांडेकरांची कादंबरी, कर्नाळ्याच्या मुलखातले ठाकर, लिंगोबाचा डोंगर, मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. ना. धों. महानोर या पळसखेडच्या शेतकरी कवीची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ढोलाची गाणी लगेच पोचतात. आशाबाईंचं 'नभ उतरू आलं' मात्र पहिल्यांदा हातून निसटतं. न्हाणीघरांच्या रांगेत रोज सकाळी कुणीतरी ते म्हणू पाहतं. मुखडा जमतो. अंतऱ्यातून परत येताना वाट चुकते, आणि शेजारच्या न्हाणीघरातून दुरुस्ती येते, तीही चुकीची. हृदयनाथांच्या चालींनी भल्याभल्या गायकांना घाम फोडलाय, तिथे तुमची काय कथा! पण आकाशवाणीवर ते वरचेवर लागतं, आणि सत्र संपेपर्यंत तुमच्या मजल्यावर चार-पाच जण तरी असे आहेत की जे डोळे मिटून, न चुकता, परत मुखड्यावर येतात. चाल अवघड होती म्हणूनच ती म्हणून पाहावीशी वाटली. सोपी असती तर दिवाळीपर्यंत विटली असती.

आणि मग १९९८.

जुलै संपत आलाय, ठाण्याला धो धो पाऊस आहे आणि तुमच्या टेबलावर 'दिल से'ची कॅसेट आहे. सहा गाणी. गुलजार आणि ए. आर. रहमान. रहमानच्या गाण्यांना तुमच्या कट्ट्यावर एक नाव आहे, 'स्लो पॉयझन', आणि ते कौतुकानं घेतलं जातं. १९९२ च्या 'रोजा'पासून हा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी आहे: पहिल्या दिवशी नाकं मुरडायची, पंधरा दिवसांनी दुसऱ्या कुणाचं काही लावू द्यायचं नाही. 'छैय्या छैय्या' याला अपवाद. सुखविंदरनं तोंड उघडलं की काम झालं. चित्रपट २१ ऑगस्टला लागतो, चार-पाच दिवसांत गणपती बसतात, आणि तुम्ही जाल त्या मांडवात ते वाजतंच आहे.

बाकीच्या पाच गाण्यांचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. 'ऐ अजनबी' सुरू होतं आणि उदित नारायण नेहमीसारखा गातच नाही; त्याचा हसरा, मोकळा आवाज इथे दाबल्यासारखा येतो. 'सतरंगी रे' मधेच चाल बदलतं. 'जिया जले'मध्ये लताबाई गाताहेत आणि एकाएकी मल्याळम ओळी सुरू होतात. तुम्हाला हे पुढे ढकलायचंय. पण टेपरेकॉर्डरवर पुढे ढकलणं म्हणजे अंदाजपंचे खेळ: बटण दाबायचं, फिरकी गरगरते, सोडलं की गाणं अर्ध्यावर, मागे घ्यायचं, ते आधीच्या गाण्यात घुसतं. वर फीत अडकली तर सगळंच गेलं. त्यापेक्षा वाजू दे. तुम्ही सबमिशनचे कागद पुढे ओढता आणि वाजू देता.

रोज रात्री वाजतं. साधारण आठवडाभरानं कधीतरी दिवे जातात, कॅसेट 'ऐ अजनबी'च्या मधोमध थांबते, आणि अंधारात तुमच्या लक्षात येतं की पुढची ओळ तुम्ही स्वतःच मनात म्हणून पुरी केलीत. उदितच्या मागून येणारा महालक्ष्मी अय्यरचा हलका आवाजही, वेगळा, त्याच्या जागी. दिवे येईपर्यंत ते गाणं तुमचं झालेलं असतं. 'जिया जले'चं तर त्याहून नवल. ज्या मल्याळम ओळींनी तुम्ही बिचकला होतात, त्या तुम्ही पोळ्या लाटणाऱ्या आईला अर्थ न कळता म्हणून दाखवताय, आणि ती हसता हसता दुसऱ्याच दिवशी तीच चाल गुणगुणतेय. एम. जी. श्रीकुमार हे नाव तुम्ही कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरात वाचता, आयुष्यात पहिल्यांदा.

'दिल से' भारतात चालला नाही. ऑक्टोबरात 'कुछ कुछ होता है' आला आणि जतिन-ललितची गाणी एका दिवसात शहरभर झाली. ती वाईट नव्हेत; पहिल्या ऐकण्यात जिंकणं हीही कला आहे, आणि शंकर-जयकिशन यांच्यापासून ती आपल्याकडे फार उंचीवर पोचलेली आहे. पण पंचवीस वर्षांनी कुठलं गाणं तुम्ही एकट्यानं, दिवा मालवून लावता, हे तुमचं तुम्हाला ठाऊक आहे.

उतरा आता आजच्या दिवसात. सकाळची लोकल, कानात इअरबड, हातात फोन. नवं गाणं सुरू होतं. सुरुवातीला फक्त तानपुरा आणि कुणीतरी हलकेच गुणगुणतंय. तुमचा अंगठा पडद्याच्या वर तरंगतोय. दहा सेकंद. पंधरा. आणि गेलं, पुढचं. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं, तेव्हा संगीतकारही काय करणार? त्याची सगळ्यात ठसठशीत ओळ पहिल्या अर्ध्या मिनिटात यायला हवी, आणि रीलसाठी तिचे सुटे तुकडे व्हायला हवेत. तीस सेकंदांत 'फिर वही शाम'मधला तो शेजारी टेकणारा सूर कुणाला भेटणार नाही. आजही कुणीतरी मदन मोहनच्या हट्टानं तसं गाणं करत असेल, आणि ते आपल्या अंगठ्याखाली पंधराव्या सेकंदाला मरत असेल. याचं मला खरंच वाईट वाटतं.

चाळीतला रेडिओ आणि टेबलावरची कॅसेट यांनी आपल्यावर एक सक्ती केली होती, आणि तिच्यामुळे निम्मी चांगली गाणी आपल्यापर्यंत पोचली. ती सक्ती परत येणार नाही, यावीही का? बटण आपल्या हातात आलंय हे बरंच झालं. म्हणून आता ते काम आपण आपल्या खुशीनं करायचं. आज रात्री 'जहाँआरा' लावा. पहिल्यांदा नाही आवडणार, तर राहू द्या. परवा कामं करता करता पुन्हा लावा, लक्ष देऊ नका. आठवड्यानं तिसऱ्यांदा. आणि यंदा आलेल्या गाण्यांपैकी जे तुम्ही अर्ध्यावर टाकलंत, पण ज्यात काहीतरी वेगळं आहे अशी नुसती शंका आली होती, तेही असंच चार वेळा ऐका. मत त्यानंतर सांगा. संगीतकारांना तेवढंच पुरे आहे.