अहमदाबादचा साचेखात्यातील प्रयोग

कामगारांच्या स्थितीची चौकशी करणे आणि त्या चौकशीत कामगारांनाच सहभागी करून घेणे, या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. पहिल्या प्रकारची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांच्या मागण्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. तथापि प्रश्न कमिशनचे होते, निष्कर्षही कमिशनचेच. दुसऱ्या प्रकाराचे ठळक भारतीय उदाहरण म्हणजे १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत झालेला प्रयोग होय.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांना गिरणीचे गौतम साराभाई यांनी पाचारण केले होते. १९५२ मध्ये स्वयंचलित माग बसविले, परंतु अपेक्षित उत्पादन निघेना. दोष यंत्रांचा असावा, असे प्रथम वाटणे स्वाभाविक होते. राइस यांना मात्र निराळेच दिसले. २२४ मागांवर २९ माणसे होती व त्यांच्यात कामाची बारा निरनिराळी वाटणी केलेली होती. एक कांड्या भरणार, दुसरा तुटलेले धागे सांधणार, तिसरा तेल घालणार. प्रत्येकाच्या वाट्याचे माग वेगळ्या संख्येचे. त्यामुळे कोण कोणाचा सोबती, हेच कोणास सांगता येत नव्हते.

मागांच्या एका गटास माणसांचा एक गट, ही कल्पना राइस यांनी मांडली. कामगारांनी व पर्यवेक्षकांनी ती तत्काळ उचलली आणि माणसे आपसांतच निवडून गट बनविले. ६४ मागांस सात माणसे असे प्रमाण ठरले. उत्पादन वाढले, सदोष कापड घटले. कल्पना बाहेरची, रचना कामगारांची, असे म्हणणेच येथे न्याय्य ठरेल. राइस यांच्या १९५८ च्या ग्रंथाच्या वाचकांस पुष्कळदा पहिलाच भाग लक्षात राहतो.

परंतु आपसांतील निवडीला आणखी एक बाजू आहे. अहमदाबादेत काय किंवा मुंबईत काय, साचेखाते अस्पृश्य मानलेल्या कामगारांस दीर्घकाळ बंद होते. धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे, हे त्याचे सांगितले जाणारे कारण. कताईखात्यात मात्र, जेथे मजुरी कमी, तेथे त्यांना मज्जाव नव्हता. १९२८ च्या मुंबईतील संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे उपस्थित केला. ज्याला खात्यातच प्रवेश नाही, त्याला गटात कोण निवडणार? सहभागाने आतल्यांचे समाधान वाढले, याबद्दल संशय नको. दाराबाहेर उभ्या असलेल्याची गणती या प्रयोगाच्या मोजमापात नव्हती.

१९७० मध्ये एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात गटपद्धती जवळजवळ मूळ स्वरूपात टिकून होती. इतरत्र ती विरून गेली होती.