वज्री, उटणं आणि घोसाळ्याची जाळी

आज आम्ही बोलणार आहोत अंग घासण्याबद्दल. हसू नका! हल्ली शहरातल्या पार्लरमध्ये कोरडं अंग ब्रशने घासून देतात आणि त्याचे चांगले पैसे घेतात. कातडी मऊ होते म्हणे. होतेच. पण ही गोष्ट ब्रशच्या आधी कितीतरी शतकं आपल्या मोरीत होती.

टाचा घासायची वज्री आठवा. कुणाकडे पितळेची, कुणाकडे भाजलेल्या मातीची. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वज्र्या मांडून ठेवल्यात. वर मोर नाहीतर पोपट, खाली खरखरीत पट्टे, आणि काहींच्या पोटात खडे, म्हणजे घासताना खुळखुळ वाजावं! आता आणखी मागे जाऊ. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे आहे. तिथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत भाजलेल्या मातीच्या घासण्या मिळाल्या. अशा घासण्या पार तक्षशिलेपर्यंत सापडल्या आहेत. राजाराण्यांची नावं शिलालेखात राहिली, पण टाचांच्या भेगा घासणाऱ्या बाईची खूण या मातीच्या तुकड्यात राहिली, असं आम्हाला वाटतं.

ग्रंथांतही हे आहे. सुश्रुतसंहितेत अंगाला कोरडं चूर्ण चोळण्याला उद्घर्षण म्हटलंय. तिथे चक्क विटेने अंग घासायला सांगितलंय, खाज जावी म्हणून. म्हणजे आपण दगडावर बसून वीटकरीने टाच घासतो, त्याला शास्त्राचा आधार आहे बरं का! वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोजच्या दिनचर्येत तेल, मग व्यायाम, मग उद्वर्तन म्हणजे उटणं, आणि त्यानंतर अंघोळ असा क्रम दिलाय. उटण्याने कफ आणि मेद कमी होतो, अंग घट्ट होतं, त्वचा निर्मळ होते, असं तो सांगतो. गोरेपणाचं नाव तिथे नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण घासून कोण घ्यायचं आणि घासायचं कोण? वात्स्यायनाच्या कामसूत्रात श्रीमंत नागरकाचा दिवस सांगितलाय. रोज स्नान, दर दुसऱ्या दिवशी अंग चोळून घेणं, दर तिसऱ्या दिवशी फेनक. तो निवांत बसणार, राबणारे हात दुसऱ्याचे. आपल्याकडेही पाडव्याला बायको नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालते. सण छान आहे, आम्ही त्याला नावं ठेवत नाही. पण तिची स्वतःची पाठ? ती हात पुरेल तेवढीच घासली जाते. घोसाळं वाळवून, साल काढून केलेल्या लांब जाळीला दोन्ही टोकांना दोरी बांधली की पाठ आपली आपल्याला घासता येते. ही युक्ती कुठल्या ग्रंथात शोधायला नको.

मग साबण आला. १८८८ साली विलायतेचा सनलाइट साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला. जनावराची चरबी असेल म्हणून पुष्कळ लोक साबणाला हात लावत नसत. १९१८ च्या सुमारास मुंबईत गोदरेजने वनस्पती तेलाचा साबण काढला, तेव्हा ती अडचण मिटली. खेड्यात मात्र डाळीचं पीठ, शिकेकाई आणि दगड यांच्यावरच पुढे कितीतरी वर्षं भागलं.

साबणापाठोपाठ गोरं करणारी मलमं आली. १९७५ मध्ये आलेल्या फेअर अँड लव्हलीच्या नावातला ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं. आणि त्या काळात उटण्याचं कामच बदललं. मळ काढायचं पीठ, ते रंग काढायचं पीठ झालं. लग्नाच्या मुलीला महिनाभर घासायचं, सावळी असेल तर जरा जास्त. मैत्रिणींनो, घासल्याने वरची मेलेली कातडी निघते. तिच्याखाली जो रंग असतो, तो आपला जन्माचा रंग. तो घासून जात नाही. जाते ती फक्त साल, आणि मग आग होते.

सगळ्यात वाईट वाटतं ते तान्ह्या बाळाचं. लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवतात, आणि मुलगी असली की जास्तच. ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते. जन्मताना अंगावर असलेला पांढरा चिकट थर बाळाचं रक्षण करतो, तो खरडून काढायचा नाही. पहिली अंघोळही २४ तासांनंतर. आपल्या सासूबाईंना, आईला हे सांगायचं धाडस कुणीतरी करायलाच हवं. एकटीला जमत नसेल तर बचत गटातल्या चौघी मिळून जा, आशाताईंना बरोबर घ्या.

मोठ्यांनी घासायचं तर असं: अंघोळीआधी, कोरड्या अंगावर, हलक्या हाताने, पायापासून वर. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. त्याने अंगातलं विष निघतं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. नंतर पाणी, आणि अंग ओलसर असतानाच थोडं खोबरेल. नायटा, खरूज, जखम असेल तिथे घासू नका, आणि घरात एकीला नायटा असेल तर तिची जाळी वेगळी ठेवा. साखरेचा आजार असलेल्यांनी टाचांवर वज्री किंवा वीटकर वापरू नये, पायाला बधिरपणा असेल तर लागलेलं कळत नाही. जाळी वापरून झाली की झटकून उन्हात टाका. मोरीच्या कोपऱ्यात ओली राहिली की काळी पडते. मग ती फेकायची आणि कुंपणावरचं दुसरं घोसाळं वाळवायला घ्यायचं.