कोलंबोला अडलेले टिळक

एप्रिल १९१८. लोकमान्य टिळक विलायतेला निघालेत. सोबत न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे, दादासाहेब करंदीकर, बिपिनचंद्र पाल. होमरूलची मागणी थेट ब्रिटिश जनतेपुढे मांडायची म्हणून हे शिष्टमंडळ मद्रासमार्गे कोलंबोला पोचलंय, तिथून पुढे बोट. सगळ्यांकडे पासपोर्ट आहेत. आणि कोलंबोत कळतं, की लंडनच्या युद्धमंत्रिमंडळानं ते रद्द केलेत. मंडळी परत फिरतात.

आमच्या धंद्यात याला टोकन रिव्होक करणं म्हणतात. तुमच्या फोनमध्ये लॉगिन तसंच दिसतं, पण सर्व्हरनं तुम्हाला ओळखायचं बंद केलेलं असतं.

हेच टिळक, दहा वर्षं आधी. १९०८ मध्ये त्यांना गप्प करायचं तर सरकारला मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला उभा करावा लागला. नऊ जणांची ज्युरी, त्यात सात विरुद्ध दोन असा कौल, न्यायमूर्ती दावरांची सहा वर्षांची शिक्षा, मग मंडाले. विनाचौकशी डांबायचे कायदे तेव्हाही होते. १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना तसंच उचललं होतं. पण त्यालाही पोलीस लागतात, तुरुंग लागतो, गाजावाजा होतो. कोलंबोला यातलं काहीच लागलं नाही. कुणाला अटक नाही, कुणावर आरोप नाही. फक्त पुढे जायचं नाही.

बंदरावर माल तपासणं जुनं आहे. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलं होतं, की बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, नाहीतर स्वस्त परक्या मिठानं कोकणातलं मीठ मरेल. म्हणजे कस्टम्स ही काही इंग्रजांनी शिकवलेली गोष्ट नव्हे. माणूस तपासणं मात्र नवं. आज क्रूझवर चढताना बॅलार्ड पिअरला बॅग स्कॅनरमधून जाते आणि पासपोर्टवर शिक्का पडतो, तेव्हा ही दोन कामं जुळी भावंडं वाटतात. त्यांच्या वयात काही शतकांचं अंतर आहे.

आनंदीबाई जोशींचंच बघा. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. तिथे शिरायला व्हिसा नव्हता, पासपोर्टही लागत नव्हता. अमेरिकेनं १८८२ मध्येच चिनी मजुरांना बंदी केली होती. बाकीच्यांसाठी त्याच वर्षीच्या कायद्यानं माणशी ५० सेंटचा कर लावला आणि गुन्हेगार, वेडे, स्वतःचं पोट भरू न शकणारे यांना मज्जाव केला. यापलीकडे अठरा वर्षांच्या हिंदू मुलीला अडवणारा कायदा नव्हता.

अडवणारे इकडे होते. निघण्याआधी फेब्रुवारीत सेरामपूरला तिनं जाहीर भाषण केलं. परत आल्यावर जात वाळीत टाकेल त्याचं काय, हा त्यातला एक ठळक प्रश्न. समुद्र ओलांडणाऱ्या पुणेकराचा खरा इमिग्रेशन काउंटर परतीच्या वाटेवर, स्वतःच्या आळीत होता. तिथे शिक्का मिळायचा प्रायश्चित्ताचा.

या काउंटरला समुद्रसुद्धा लागायचा नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली, समोर चहा-बिस्किटं आली. नावं छापून आली आणि ग्रामण्य उभं राहिलं. त्यात रानडे होते, गोखले होते, टिळकही होते. शंकराचार्यांनी आयोग नेमला. काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं टिळकांनी दाखवलं, रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं. हा सगळा बनाव रचणारा माणूस कोण? गोपाळराव जोशी. आनंदीबाईंचे यजमान! बायको १८८७ मध्येच गेली होती. गोपाळरावांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी पुष्कळ सांगतात, पण मला ही खोडी नुसती खोडी वाटत नाही. जातीच्या तपासनाक्यावर काय वागणूक मिळते हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

मग तपासणी आळीतून सरकारकडे कशी गेली? आधी वसाहतींना नको असलेले प्रवासी दिसू लागले. कॅनडानं १९०८ मध्ये नियम काढला, की माणूस स्वतःच्या देशातून थेट, मध्ये न थांबता आला पाहिजे. भारतातून तशी बोटच नव्हती. नियमात कुठेही ‘हिंदी माणूस’ असं लिहायची गरज पडली नाही, हे त्यातलं डोकं. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचली आणि दोन महिने बंदरात थांबवून बहुतेकांना परत धाडलं गेलं. बोट आल्यावर अडवायची म्हणजे बोभाटा होतो. निघतानाच अडवलं तर? तेवढ्यात महायुद्ध आलं आणि युद्धकाळच्या नियमांनी पासपोर्ट सक्तीचा झाला. युद्ध संपलं, सक्ती राहिली; १९२० मध्ये इंडियन पासपोर्ट ॲक्टच झाला.

टिळक मात्र १९१८ मध्येच लंडनला गेले. व्हॅलेंटाइन चिरोलवर त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. त्या कामापुरता, राजकीय भाषणं करायची नाहीत या अटीवर पासपोर्ट मिळाला. युद्ध संपल्यावर ती अट उठली. दावा ते फेब्रुवारी १९१९ मध्ये हरले, पण होमरूलसाठी बोलायला मिळालं.

पासपोर्ट ही सरकारची मर्जी, ही समजूत गोरे गेल्यावरही टिकली. एप्रिल १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सतवंतसिंग सहानी खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं सांगितलं, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याशिवाय ते रोखता येणार नाही. त्याच वर्षी घाईघाईनं पासपोर्ट कायदा आला. १९७७ मध्ये मेनका गांधींचा पासपोर्ट जमा करायला सांगितलं, ते याच कायद्याखाली. कारण विचारलं तर उत्तर आलं, सार्वजनिक हितासाठी कारण सांगता येत नाही. १९७८ च्या निकालात कोर्टानं म्हटलं, की असं करताना माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल. कायद्यात कलम १० आजही आहे: पासपोर्ट रद्द करताना अधिकाऱ्यानं कारणं लेखी नोंदवायची आणि मागितल्यास त्याची प्रत द्यायची. देशाची सुरक्षा, परराष्ट्रांशी संबंध किंवा सार्वजनिक हित आड येत असेल तर ती प्रत नाकारायची सोयही त्याच कलमात आहे.